बेळगावहून अंदमानला : बेटांची पहिली सफर कशी आखावी

अंदमान आणि निकोबार द्वीपसमूहाचे एकूण क्षेत्रफळ 8,249 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे तिथली सगळी बेटे एकत्र केली तरी ती आपल्या बेळगाव जिल्ह्यात सहज मावतील. 2011 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे 3 लाख 80 हजार होती, ती एकट्या बेळगाव शहरापेक्षाही कमी. परंतु ही एवढीशी जमीन आठशेहून अधिक बेटे, बेटुकली आणि खडक यांत विखुरलेली आहे आणि ती साखळी उत्तर-दक्षिण सातशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. वस्ती आहे ती जेमतेम तीसेक बेटांवर. नकाशावर बोटभर अंतरावर दिसणारी दोन बेटे प्रत्यक्षात दिवसातून दोन-तीन बोटींनी जोडलेली असतात, काही आठवड्यातून काही फेऱ्यांनी, आणि बरीचशी कशानेच जोडलेली नसतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी ही गोष्ट मनात पक्की करावी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून अंदमानला जाऊन नाराज होऊन परतलेली जी कुटुंबे मला भेटली, त्यांनी सफर गोव्याच्या सहलीसारखी आखली होती: सकाळी एक ठिकाण, दुपारी दुसरे, संध्याकाळी तिसरे. चोर्ला घाटातून गोव्याला उतरताना गाडी आपली असते आणि वेळही आपली असते. बेटांवर वेळ बोटीची असते, आणि बोटीची वेळ समुद्राच्या हातात असते. मी स्वतः पहिल्या खेपेस हीच चूक केली होती. आम्ही सात जण होतो, शेवटची रात्र दूरच्या बेटावर काढून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने थेट विमानतळ गाठायचा बेत होता. रात्रीतून वारा वाढला, सकाळच्या सगळ्या फेऱ्या रद्द झाल्या आणि सातही तिकिटे वाया गेली. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेस मी आधी बोटींचे वेळापत्रक समोर ठेवले आणि त्यावरून बाकीचे दिवस बसवले. पुढचे सारे विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

काळ निवडणे

"अंदमानात मान्सून दाखल" ही बातमी आपण दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वाचतो आणि आपल्याकडे पाऊस कधी येणार याचा हिशोब मांडतो. प्रवाशाने ती बातमी उलट्या बाजूने वाचावी: त्या दिवसापासून बेटांवरचा कोरडा हंगाम संपला. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथे आपल्याआधी पोहोचतो आणि तो ओसरल्यावर ईशान्येकडून येणारा पाऊस नोव्हेंबरपर्यंत, कधी डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. त्याच काळात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि बोटी बंद राहतात. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ योग्य समजावा.

शाळेत जाणारी मुले असलेल्या घरांसाठी यात एक सोय आहे. कर्नाटकातील शाळांची दसऱ्याची सुटी बेटांवरच्या पावसात जाते, पण उन्हाळी सुटी एप्रिलमध्येच सुरू होते आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तिथला समुद्र सर्वात शांत आणि पाणी सर्वात नितळ असते. उकाडा आणि दमटपणा असतो, घाम पुसून हात दुखतो, तरीही पाण्यात उतरण्याची इच्छा असलेल्यांना मी एप्रिलचा दुसरा पंधरवडाच सुचवीन. नाताळ आणि नववर्षाचे दिवस मात्र टाळावेत, कारण तेव्हा बोटींच्या जागा सर्वात आधी संपतात.

आठ रात्रींपेक्षा कमी वेळ असेल तर बेटे कमी करावीत, दिवस कापू नयेत. सहा रात्रींत श्री विजयपुरम आणि स्वराज द्वीप ही दोनच ठिकाणे नीट पाहता येतात.

नावांविषयी येथेच सांगून ठेवतो, कारण तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही नावे आढळतात आणि नवखा माणूस गोंधळतो. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले. त्याआधी डिसेंबर 2018 मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले होते.

बेळगावहून बेटांपर्यंत

मुख्य भूमीवरून चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या बंदरांतून प्रवासी जहाजे जातात, परंतु त्या प्रवासास सुमारे तीन दिवस लागतात आणि जहाज सुटण्याच्या तारखा महिन्यातून मोजक्याच असतात. ज्यांच्याकडे वेळ भरपूर आहे आणि समुद्राची सवय आहे, त्यांनीच तो विचार करावा. इतरांनी विमानाने जावे, आणि आपल्या भागातील लोकांना त्यासाठी बंगळूर सर्वात सोयीचे आहे. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बंगळूरला विमान मिळाले तर उत्तमच. अन्यथा रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघून सकाळी यशवंतपूरला उतरावे. शेवटच्या स्थानकापेक्षा यशवंतपूर विमानतळाला जवळ पडते. तरीही देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंतचा रस्ता आणि सकाळची वाहतूक लक्षात घेता, त्याच दिवशी दुपारच्या आधीचे विमान घेण्याचे धाडस करू नये. बेटांकडे जाणारी बहुतेक विमाने सकाळची किंवा दुपारची असतात. सकाळचेच विमान हवे असेल तर आदल्या दिवशी बंगळूरला मुक्काम करावा. बंगळूरहून थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो.

भारतीय नागरिकाला अंदमानातील पर्यटनाच्या बेटांसाठी परवाना लागत नाही. दक्षिणेकडील निकोबार बेटे मात्र आदिवासी राखीव क्षेत्र आहेत आणि तेथे खास पासाखेरीज प्रवेश नाही, म्हणून ती सर्वसाधारण प्रवाशाच्या बेतात धरूच नयेत.

ओळखपत्राची मूळ प्रत विमानालाही लागते आणि बोटीलाही लागते. सीमाभागातील मराठी माणसाने येथे एक गोष्ट विशेष तपासावी. आपल्याकडील आधार कार्डांवर व मतदार ओळखपत्रांवर नावे पुष्कळदा कन्नड पद्धतीच्या इंग्रजी वर्णलेखनाने आलेली असतात. सविता, सुनीता यांच्या नावात "टी"नंतर "एच" असतो, कुठे आडनाव आधी येते, कुठे वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असते. तिकीट काढणारा भाचा किंवा मुलगा सवयीने मराठी पद्धतीने नाव लिहितो आणि मग विमानतळाच्या दारात खुलासे करावे लागतात. तिकीट काढताना प्रत्येकाचे ओळखपत्र समोर ठेवून, अक्षर न् अक्षर त्याप्रमाणे लिहावे. लहान मुलांसाठी जन्मदाखला किंवा आधार जवळ असावे.

बोटींवरून दिवस ठरवणे

श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप हा त्रिकोण पहिल्या सफरीला पुरेसा आहे. त्यांच्यामध्ये दोन प्रकारच्या बोटी धावतात. सरकारी फेरी बोट स्वस्त असते, तिच्यात स्थानिक लोक, भाजीच्या पाट्या, परीक्षेला निघालेली मुले असे सगळे असतात, बाहेर उभे राहून समुद्र पाहता येतो, आणि स्वराज द्वीपाला पोहोचायला दोन-अडीच तास लागतात. ती फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा खासगी कंपन्यांच्या बोटी महाग आणि बहुतेक वातानुकूलित असतात, त्यांतील जलद बोटींना साधारण दीड तास लागतो आणि त्यांची तिकिटे पुष्कळ आधी घरबसल्या काढता येतात. सरकारी बोटीच्या जागांवर स्थानिकांचा हक्क पहिला असावा असे मला वाटते, म्हणून मोठ्या गटाने खासगी बोट घ्यावी आणि एक-दोघांनी सरकारी बोटीचा अनुभव जरूर घ्यावा. सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर हजर असावे आणि कोणत्या धक्क्यावरून सुटणार हे आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावे.

क्रम असा लावावा. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस श्री विजयपुरममध्ये, तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप, तेथे तीन रात्री, मग शहीद द्वीप येथे एक किंवा दोन रात्री, आणि विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर शक्य असेल तर दोन दिवस आधी पुन्हा श्री विजयपुरम. शेवटचा एक संपूर्ण दिवस मोकळा राहतो. बोटी वेळेवर चालल्या तर त्या दिवशी चिडिया टापूचा किनारा पाहता येतो. बोट रद्द झाली तर तोच दिवस विमान वाचवतो. आधी सर्वात दूर जाऊन मग जवळ येत राहणे, हा बेटांवरील आखणीचा मुख्य नियम आहे.

बोट लागण्याविषयी थोडे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण आपण घाटमाथ्यावरची माणसे आहोत. ज्यांना आंबोली किंवा चोर्ला घाटाच्या वळणांवर मळमळते, त्यांना भर समुद्रात मळमळणारच असे धरून चालावे. डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. रिकाम्या पोटी बसू नये आणि तेलकट पुरीभाजी खाऊनही बसू नये. दोन इडल्या किंवा बिस्किटे पुरेशी होतात. हलणे सर्वात कमी जाणवते ते बोटीच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर. मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर क्षितिजावर ठेवावी. बेळगावहून घेतलेल्या आलेपाकाच्या वड्या या प्रसंगी फार कामाला येतात.

पहिले दोन दिवस

घड्याळ पाहून प्रथम आश्चर्य वाटेल. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहे आणि श्री विजयपुरम जवळजवळ त्र्याण्णव अंशांवर, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक लवकर उगवतो आणि तितकाच लवकर मावळतो. डिसेंबरात पाच वाजून गेले की सूर्यास्त होतो, एप्रिलमध्येही साडेपाचच्या सुमारास. नऊ वाजता न्याहारी करून दहाला बाहेर पडण्याची सवय असलेल्यांचा अर्धा दिवस तिथे वाया जातो. पहाटे पाचला उठावे, सहाला बाहेर पडावे, दुपारी विश्रांती घ्यावी आणि सूर्यास्त पाहायचा असेल तर चारलाच किनाऱ्यावर असावे.

पहिला दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवावा आणि घाई करू नये. 1896 ते 1906 या काळात हा तुरुंग बांधला गेला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती निघत होत्या आणि प्रत्येकीचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे होते, जेणेकरून एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. जवळजवळ सातशे कोठड्या, प्रत्येक एका माणसासाठी. नावच त्यावरून पडले. आज सातपैकी तीन इमारती उभ्या आहेत आणि 11 फेब्रुवारी 1979 रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

4 जुलै 1911 रोजी विनायक दामोदर सावरकर येथे आणले गेले आणि 1921 मध्ये त्यांना मुख्य भूमीवर परत नेईपर्यंत ते येथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही याच तुरुंगात होते. वरच्या मजल्यावरील टोकाची विनायक सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी जिने चढावे लागतात. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर सकाळच्या थंड वेळी जावे. माझ्या आत्या खानापूरहून आमच्याबरोबर आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या प्रत्येक पायरीवर थांबत होत्या, पण वर पोहोचल्यावर त्या कोठडीच्या दाराशी अर्धा तास बसून राहिल्या. आपल्या गावच्या माणसाला येथे आणखी एक गोष्ट आठवावी: 1950 च्या एप्रिलमध्ये सावरकरांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा त्यांना ठेवले होते ते बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात. ज्या रस्त्यावरून आपण रोज ये-जा करतो, त्या रस्त्यावरची भिंत आणि ही भिंत एकाच आयुष्यात आलेली आहे.

या तुरुंगात बंगाल, पंजाब आणि इतर प्रांतांचे शेकडो क्रांतिकारक होते, त्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. ती वाचायला वेळ द्यावा. अंगणातील कोलूची, म्हणजे तेलाच्या घाण्याची, प्रतिकृती आणि फाशीघर मुलांना दाखवताना आधी थोडे समजावून सांगावे. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे लवकर संपतात, ती सकाळीच पाहून घ्यावीत.

दुसऱ्या दिवशी अबर्डीन जेट्टीवरून बोटीने पाव तासावर असलेल्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर जावे. ब्रिटिशांचा सारा कारभार येथून चाले. 1941 च्या भूकंपाने आणि त्यानंतर मार्च 1942 मध्ये आलेल्या जपानी सत्तेने त्याचा शेवट केला. आज चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंतींवर वडाच्या मुळांनी जाळे विणले आहे आणि हरणे माणसाजवळ येतात. त्यांना खायला घालू नये. साप्ताहिक सुटीचा दिवस आदल्या दिवशी विचारून घ्यावा.

स्वराज द्वीप आणि पाण्याखालची पहिली बुडी

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर वसवले. स्वराज द्वीपावरील गावांची नावे त्यांनी आणलेल्या भक्तीची आहेत: गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. जेट्टी गोविंदनगरला आहे. तेथून राधानगरची पुळण दहा-बारा किलोमीटरवर, बेटाच्या पश्चिम बाजूस आहे, म्हणून सूर्यास्त तेथे पाहावा. काळापत्थर पूर्वेकडे आहे, तेथे सूर्योदयाला जावे. मुक्काम जेट्टी आणि विजयनगरच्या पट्ट्यात घेतला की दोन्हीकडे जाणे सोपे पडते. दुचाकी भाड्याने मिळते. वाहन परवाना बरोबर न्यावा आणि अंधार लवकर पडतो हे विसरू नये.

या बेटाचे खरे वैभव पाण्याखाली आहे, आणि त्याची भीती सर्वात जास्त आपल्यासारख्यांना वाटते. मार्कंडेय किंवा मलप्रभेच्या काठी वाढलेल्यांना पोहता येत असले तरी खाऱ्या पाण्यात डोके घालून श्वास घेणे ही वेगळी गोष्ट आहे. माझा आग्रह असा आहे की जाण्यापूर्वी दोन-तीन महिने गोवावेसच्या किंवा जवळच्या कोणत्याही जलतरण तलावात उतरून पाण्यावर तरंगायला आणि तोंडाने शांत श्वास सोडायला शिकावे. ज्यांना जमेल त्यांनी मालवण-तारकर्लीला किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाशी एकदा पाण्यात उतरून पाहावे. दोन्ही ठिकाणे बेळगावहून एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतात. तिथे शरीर घाबरले तर पुढचा खर्च तरी वाचतो, आणि घाबरले नाही तर अंदमानात पहिल्या मिनिटापासून नजर माशांवर राहते.

स्नॉर्कलिंग म्हणजे पाण्यावर पालथे तरंगत, नळीने श्वास घेत खाली पाहणे. त्यासाठी एलिफंट बीचला बोटीने किंवा जंगलातील पायवाटेने जावे. पोहता येत नसले तरी लाइफ जॅकेट व मार्गदर्शकासह हे करता येते. स्कूबात पाठीवर हवेची टाकी असते. नवख्यासाठी एक प्रशिक्षक सतत हात धरून असतो आणि आधी उथळ पाण्यात सराव करून घेतो. दमा, हृदयविकार, अपस्मार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काही असल्यास अर्जात लपवू नये. सर्दी असेल तर उतरू नये, कारण खोलीबरोबर वाढणारा दाब कानात समतोल करता येत नाही आणि पडदा दुखावू शकतो. अर्जावर सही घेण्यापुरतीच चौकशी करणारा चालक नको. जो तब्येतीचे प्रश्न स्वतःहून विचारतो आणि खराब हवेत "आज नाही" म्हणतो, त्याच्याकडेच जावे. बुडी आणि विमान यांच्यामध्ये किमान 18 तास, शक्य तर पूर्ण दिवस असावा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी होताच त्याचे बुडबुडे होऊ शकतात. दूरचे बेट आधी आणि श्री विजयपुरम शेवटी, हा क्रम येथेही उपयोगी पडतो.

प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते बारीक जिवांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्यांना अन्न आणि रंग देते. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर फेकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते; 2010 साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. आधीच थकलेल्या या जिवांवर आपण पाय ठेवून उभे राहतो, तेव्हा कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात तुटते. दम लागला तर पाठीवर उताणे तरंगावे, मार्गदर्शकाला खूण करावी, पण खाली पाय टेकू नयेत.

किनाऱ्यांवर मगरीविषयीचे फलक दिसले तर ते गंभीरपणे घ्यावेत. खाऱ्या पाण्यातील मगरी कांदळवनाच्या खाड्यांत राहतात आणि अंदमानात त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. खाडीच्या मुखाशी, पहाटे, संध्याकाळी आणि जीवरक्षक नसलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नये.

शहीद द्वीप

हे बेट लहान आहे, सायकलवरही फिरता येते. येथील गावांना रामायणातील नावे आहेत: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. अंदमानातील भाजीपाला मोठ्या प्रमाणात येथे पिकतो, त्यामुळे शाकाहारी कुटुंबांना येथे चांगले जेवण मिळते. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक खडकांचा पूल ओहोटीतच गाठता येतो. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या शेजाऱ्याने सांगितलेली वेळ उपयोगाची नसते; निवासातील माणसाला किंवा रिक्षावाल्याला विचारावे. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप खाली जाते आणि खडकांतील डबक्यांत तारामासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात. भिंतीवरचे पंचांग पाहून शहीद द्वीपाचा मुक्काम त्या तिथींजवळ आणता आला तर आणावा. खडकांवर अनवाणी चालू नये.

जेथे जाऊ नये, आणि जेथे विचार करून जावे

बहुतेक सहलवाले बाराटांगची एक दिवसाची फेरी विकतात: चुनखडीच्या गुहा, कांदळवनातून होडीचा प्रवास, चिखलाचा ज्वालामुखी. गुहा सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु तेथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चौकीपासून वाहने ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडली जातात. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, काही खायला देणे हे कायद्याने गुन्हे आहेत. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातील हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. आपल्या शरीरातले साधे आजारही त्या लोकांना जीवघेणे ठरू शकतात, कारण त्यांच्या शरीराला त्यांची ओळख नाही. "जारवा दिसतील" असे सांगून जो कोणी फेरी विकतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये. माझे मत असे की पहिल्या सफरीत बाराटांग वगळावे आणि तो दिवस वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाला द्यावा. 1983 साली स्थापन झालेल्या या उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आळीपाळीने खुली ठेवली जातात आणि प्लास्टिक नेऊ दिले जात नाही. पाण्यासाठी स्टीलची बाटली घरूनच न्यावी.

उत्तरेकडे दिगलीपूरला, वाळूच्या पट्ट्याने जोडलेली रॉस (नामांतर झालेल्या रॉस बेटाहून हे वेगळे) आणि स्मिथ ही जुळी बेटे व 732 मीटर उंचीचे सॅडल पीक आहे. दुसऱ्या खेपेस तेथे जावे आणि मिळाल्यास सरकारी जहाजाने जावे.

सामान, पैसे, खाणे

चेन्नईहून समुद्रतळातून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाल्यापासून मोबाइल पुष्कळ सुधारला आहे, तरीही लहान बेटांवर जाळे गेले की पैसे देण्याची सोय जाते. निदान तीन दिवसांचा खर्च भागेल एवढी रोकड जवळ ठेवावी. तिकिटांच्या कागदी प्रती ठेवाव्यात. नेहमीची औषधे पूर्ण मुदतीची न्यावीत, कारण लहान बेटांवर औषधांची दुकाने मोजकी आहेत. पुळणीवर बारीक वाळूमाश्या चावतात आणि खाज कित्येक दिवस टिकते. बसण्यापूर्वी पायांना खोबरेल चोळावे आणि ओल्या वाळूवर आडवे पडू नये. सुती, लवकर वाळणारे कपडे आणि मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी पुरे. सूटकेसपेक्षा पाठीवरची पिशवी धक्क्यावर सोयीची.

भाषेची अडचण येत नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडून आलेले लोक, अशी सरमिसळ वस्ती असल्याने सगळ्यांची समान भाषा हिंदी आहे. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्या लोकांना ते वातावरण परके वाटत नाही. मासे ताजे असतात. सुरमई आणि कोळंबी आपल्या तिखट रश्श्यापेक्षा सौम्य मिळते. फराळ न्यायचा असेल तर गोकाकचा करदंट टिकतो, कुंदा त्या दमट हवेत टिकत नाही.

परतीचा दिवस

किनाऱ्यावर पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार प्रवाळ संरक्षित आहे, काही जातींचे शंख-शिंपलेही, आणि विमानतळावरील तपासणीत ते सापडतात. मुलांच्या पिशव्या आदल्या रात्री आपणच रिकाम्या करून पाहाव्यात, कारण खिशात काय ठेवले ते त्यांच्या लक्षात राहत नाही. शंखांच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर परवानाधारक दुकानातून घ्याव्यात आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवावी.

दुपारचे विमान धरल्यास संध्याकाळपर्यंत बंगळूर येते आणि रात्रीची रेल्वे मिळते. तिचे आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच करून ठेवावे, दोहोंमध्ये निदान पाच तास असू द्यावेत, आणि उतरण्याचे ठिकाण बेळगाव की खानापूर हे ठरवताना ती गाडी आपल्या स्थानकावर थांबते ना हे पाहून घ्यावे.